गर्दी नसलेला किनारा

रोहिदासला गर्दी आवडत नाही, हे शिक्रापुरात सगळ्यांना माहीत होतं. कारण तो ते सगळ्यांना सांगायचा. चौकातल्या टपरीवर सांगायचा, कंपनीच्या बसमध्ये सांगायचा, लग्नात पंगतीला बसला की उजवीकडच्याला सांगून झाल्यावर डावीकडच्याला सांगायचा. वय सेहेचाळीस, मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर, घर हायवेला लागून दुसऱ्या मजल्यावर. खिडकीखालून सारखे कंटेनर जायचे. त्या खिडकीत उभा राहून तो म्हणायचा, "आपल्याला कसं, शांतता पाहिजे. आपण मुळात एकांतातला माणूस." आणि हे तो एवढ्या मोठ्यानं म्हणायचा, की खालच्या पंक्चरवाल्याला ऐकू जायचं.

पुढं जे घडलं ते आता तो स्वतःच सांगत फिरतो, काहीएक न झाकता. तेव्हा आपणही झाकायचं कारण नाही.

दिवाळी झाल्यावर त्याला चार दिवसांची रजा मिळाली. त्याआधी महिनाभर तो मोबाईलवर कोकणातल्या 'कुणालाच माहीत नसलेल्या' किनाऱ्यांचे व्हिडिओ बघत होता. त्यातला एक त्याला फार भावला. कुणालाच माहीत नसलेला तो किनारा अठरा लाख लोकांनी बघितला होता, पण हे काही रोहिदासच्या ध्यानात आलं नाही.

त्याची मुलगी प्रांजल पुण्यात कॉलेजला होती. तिला त्यानं व्हिडिओ पाठवला. तिचा फोन आला, "पप्पा, तिथं काहीच नाहीये."

"तेच तर पाहिजे!"

"मग तुम्ही तिथं करणार काय?"

"बसणार."

"किती वेळ?"

हा प्रश्न रोहिदासला पोरकट वाटला. बसायचं म्हणजे बसायचं, त्याला काय घड्याळ लावायचं?

बायको ललिता एका अटीवर तयार झाली. तिच्या आईला बरोबर घ्यायचं. सोजराबाई बहात्तरीच्या, वरवंडला पाऊण एकर शेवंती सांभाळणाऱ्या. दिवाळीचा फुलांचा तोडा आटोपला होता आणि समुद्र त्यांनी जन्मात बघितला नव्हता. रोहिदास हळूच म्हणाला, "तीन माणसं म्हणजे जरा गर्दीच होते."

"मग तुम्ही थांबा घरी," ललिता म्हणाली. "आम्ही दोघी जातो."

पहाटे वरवंडला गाडी लावली तेव्हा सोजराबाई रस्त्यावर येऊन उभ्याच होत्या. एका हातात भाकरीचं गाठोडं, दुसऱ्या हातात खुरपं.

"मामी, खुरपं कशाला?"

"आसू द्या जावईबापू. जमिनीवर चाललोय न्हवं?"

मोरगाव, जेजुरी, लोणंद करत सातारा गाठलं, कोल्हापूरच्या पुढं घाट उतरले आणि दिवस मावळायच्या आत कुवेली नावाच्या बंदराच्या गावात पोचले. दिवसातून दोनदा एसटी येते एवढंच त्या गावाचं जगाशी नातं. महेंद्र नावाच्या माणसानं घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी ठेवल्या होत्या, आणि त्याची आई वच्छलाबाई रांधून घालायची. सकाळी चहा देताना महेंद्रनं दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे, "दीडच्या सुमाराक भरती लागतली." आणि दुसरी, "गाडी वाळूत घालू नकात."

"हो, हो," रोहिदास म्हणाला. त्या वेळी तो टोपी कशी दिसते हे आरशात बघत होता.

पहिला किनारा काजूच्या बागेतून खाली उतरल्यावर लागला. खरंच कुणी नव्हतं. एक माणूस नाही, एक टपरी नाही. दोन्ही बाजूंना काळ्या खडकाच्या सोंडा, मधे गव्हाच्या पिठासारखी वाळू आणि पुढं सगळा समुद्र. रोहिदासनं दोन्ही हात पसरले.

"बघा! काय शांतता! आहे का इथं कुणी? एक माणूस दाखवा मला!"

सोजराबाई पाण्याच्या कडेला उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "एवढं पाणी, आन् एक वाफा भिजत न्हाई." तेवढं बोलून त्यांनी लुगडं पोटरीपर्यंत खोचलं आणि सरळ पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या.

रोहिदास वाळूत बसला. बसल्या बसल्या म्हणाला, "ही खरी शांतता." थोड्या वेळानं म्हणाला, "शांततेचा पण एक आवाज असतो बघ." मग म्हणाला, "आपल्याकडं एवढी शांतता कुठं मिळायची?"

"अहो," ललिता डोळे मिटून म्हणाली, "तुम्ही बोलायचं थांबला तर हितंपण मिळंल."

तो गप्प बसला. लाट आली, गेली. दुसरी आली, गेली. त्यानं मोबाईल काढला, रेंज नव्हती. वाळूवर रेघोट्या ओढल्या. एका खेकड्याला हटकलं; तो बिळात गेला. मग रोहिदासच्या पाठीत काहीतरी वळवळायला लागलं. मागं हॉर्न नाही, रिव्हर्सचं पीं-पीं नाही, कुणी कुणाच्या नावानं ओरडत नाही. त्याला वाटलं, आपल्या कानांना काहीतरी झालंय. त्यानं घड्याळ बघितलं. बसून नऊ मिनिटं झाली होती.

"चला," तो उठला. "पुढचा बघू. हा जरा लहान आहे."

नऊ मिनिटं, हे तो आता कुणालाही सांगतो. पहिल्यांदा दहा सांगायचा. ललितानं सगळ्यांसमोर दुरुस्त केलं.

दुसऱ्या किनाऱ्यावर पोचायला दीड किलोमीटर कातळावरून चालावं लागलं. तिथं बघतात तर घडीची खुर्ची टाकून एक गृहस्थ बसलेले. त्यांनी रोहिदासकडं असं बघितलं, जसं आपल्या शेतात दुसऱ्याचं ढोर शिरल्यावर बघतात.

"कुठनं आलात?" गृहस्थांनी विचारलं.

"शिक्रापूर, पुणे जिल्हा. तुम्ही?"

"शिरूर."

पावणेचारशे किलोमीटर येऊन शिक्रापूरच्या माणसाला शेजारच्या शिरूरचा भेटावा, याचं दोघांनाही सारखंच दुःख झालेलं दिसत होतं.

"ही जागा कुणाला सांगू नका," गृहस्थ खालच्या आवाजात म्हणाले. "मला गर्दी आवडत नाही."

रोहिदासला तो माणूस अतिशय आगाऊ वाटला. परत गाडीकडं जाताना तो ललिताला म्हणाला, "बघितलंस? काही लोकांना उगाच वाटतं, आपण काहीतरी वेगळे आहोत." ललितानं आईकडं बघितलं, आणि दोघींनी पदर तोंडाला लावला.

आता मात्र रोहिदासला ईर्षा चढली. शिरूरचा माणूस पोचणार नाही असा किनारा हवा होता. मोबाईलच्या नकाशात एक बारीक पांढरी रेघ थेट समुद्रापर्यंत जाताना त्याला दिसली. सुरूच्या झाडांमधून ती रेघ म्हणजे आधी मुरुमाचा रस्ता होता, मग बैलगाडीची वाट झाली आणि मग काहीच राहिली नाही. पण तोवर समोर समुद्र दिसला होता. लांबलचक, सपाट, ओला चमकणारा किनारा, आणि चिटपाखरू नाही.

"हितंच थांबा की," सोजराबाई म्हणाल्या.

"मामी, वाळू घट्ट आहे. बघा कशी रस्त्यासारखी आहे."

गाडी साठ-सत्तर पावलं रस्त्यासारखी गेली. मग पुढची चाकं एकदम बसली, जसा दमलेला माणूस ओट्यावर बसतो. रोहिदासनं रेस दिली. चाकांनी वाळू उडवली आणि आणखी खाली गेली. त्यानं आणखी रेस दिली. शेवटी गाडीचं पोट वाळूला टेकलं तेव्हा त्यानं इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "काही नाही. किरकोळ आहे."

तेव्हा सव्वा वाजला होता.

कंपनीत काही बिघडलं, की पाच वेळा 'का' विचारायचं अशी पद्धत असते. मूळ कारण सापडतं. रोहिदास ही पद्धत कारखान्यातल्या सगळ्यांना शिकवायचा. खाली उतरून कमरेवर हात ठेवून त्यानं सुरुवात केली. गाडी का रुतली? वाळू भुसभुशीत होती म्हणून. भुसभुशीत वाळूत गाडी का आली? वाट चुकली म्हणून. वाट का चुकली? नकाशावर विश्वास ठेवला म्हणून. विश्वास का ठेवला? शिरूरच्या माणसाच्या पुढं जायचं होतं म्हणून. पुढं का जायचं होतं? इथं त्यानं पद्धत सोडून दिली आणि गाडीतलं पायपुसणं काढून चाकाखाली घालायला लागला.

सोजराबाई खुरप्यानं चाकापुढची वाळू ओढत होत्या. जेवढी त्या काढत तेवढी परत आत येत होती. त्या उठल्या, समुद्राकडं बघितलं आणि म्हणाल्या, "जावईबापू, पाणी मगा तिथं होतं. आता हितं हाय."

रोहिदासनं बघितलं. पाणी खरंच सरकलं होतं. सकाळी महेंद्रनं काहीतरी सांगितलं होतं, काय बरं? मोबाईलला रेंज नाही. गाडीचे हप्ते अजून अडीच वर्षं राहिलेले.

"मी माणसं बघून येती," सोजराबाई म्हणाल्या.

"मामी, इथं कुठली माणसं? मुद्दाम माणसं नाहीत अशी जागा बघितलीय मी!"

"झाडामागं धूर दिसतोय. धूर काय आपसूक निघतो व्हय?" असं म्हणून त्या खुरपं हातात धरून सुरूच्या झाडांतून निघूनही गेल्या.

पुढची वीस मिनिटं रोहिदास कुणाला सांगताना थोडक्यात उरकतो. त्यानं गाडीला मागून ढकललं. पुढून ढकललं. हवा कमी करायला एका चाकाच्या व्हॉल्व्हचं टोपण काढलं आणि ते वाळूत पडलं. लाटेचा फेस आता गाडीपासून तीस पावलांवर येऊन परत जात होता. ललिता त्याला काहीच बोलत नव्हती, आणि पंचवीस वर्षांच्या संसारात त्याला सगळ्यात जास्त भीती याच गोष्टीची वाटत आली होती.

मग सुरूच्या झाडांतून गलका ऐकू आला. सगळ्यात पुढं सोजराबाई, त्यांच्या मागं वाडीच. खांद्यावर जाड दोरखंडाचं वेटोळं घेतलेले दहा-बारा गडी, टोपल्या तशाच डोक्यावर घेऊन आलेल्या बाया, दोन म्हातारे, आणि वाडीतून निरोप गेल्यावर स्कूटरवरून घाईघाईनं आलेला महेंद्रही. ही रापणकर मंडळी होती. समुद्रात जाळं लांबवर सोडायचं आणि सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावरून दोरानं ओढायचं, हा त्यांचा पिढीजात धंदा. रोहिदासनं मोजली, चौतीस माणसं होती. तो म्हणतो, त्या किनाऱ्यावर एवढी गर्दी कुणाच्या आठवणीत झाली नसेल, आणि ती मी एकट्यानं जमवली.

त्यांचा म्होरक्या, ज्याला सगळे तांडेल म्हणत, साठीचा, काळा, सुक्या खोबऱ्यासारखा माणूस होता. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि ती इथं का आणली, ते विचारलं.

"गाडी हय कित्याक हाडलास?"

"शांत जागा बघत होतो," रोहिदास म्हणाला. तोंडातून निघाल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं. मागच्या बाया खुदखुदायला लागल्या.

"हूक खंय आसा?" तांडेलानं विचारलं. "दोर खंय बांधूचो?"

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. रोहिदासची कंपनी जे सुटे भाग बनवते, त्यातला मुख्य भाग म्हणजे गाडी ओढायचा हूक. जाड लोखंडी कडी, तिच्या दांड्याला आटे. अकरा वर्षं रोज रोहिदास त्या आट्यांना मापाचा गेज लावून बघत होता आणि पास-नापास करत होता. लाखो हूक त्याच्या हाताखालून गेले होते. पण तो हूक गाडीत कुठं ठेवलेला असतो आणि कुठं बसवतात, हे बघायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

"असतो... असतो इथंच कुठंतरी," म्हणत तो बंपरच्या खाली आडवा झाला. तिथं वाळूशिवाय काही नव्हतं.

ललितानं दार उघडलं, समोरच्या कप्प्यातलं पुस्तक काढलं, पानं चाळली आणि मोठ्यानं वाचलं, "हूक डिकीत, स्टेपनीच्या खाली. मागच्या बंपरला उजवीकडं छोटं झाकण, ते काढून आत फिरवायचा." मग नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "तुमच्याच कंपनीचा असंल."

तिचं खरं निघालं. हुकावर रोहिदासच्या प्लांटची खूण होती. एका दांडग्या रापणकरानं तो भोकात घालून फिरवायला सुरुवात केली. फिरेना. दुसऱ्यानं जोर लावला. फिरेना. "आटे गेलेत," कुणीतरी म्हणालं.

"थांबा!" रोहिदास ओरडला. अख्ख्या दिवसात पहिल्यांदा त्याला काहीतरी येत होतं. "उलटे आटे आहेत त्याला. डावीकडं फिरवा!"

त्यानं स्वतः पुढं होऊन हूक डावीकडं फिरवला आणि तो लोण्यात सुरी जावी तसा आत गेला. रोहिदासनं मान वर करून सगळ्यांकडं बघितलं. कौतुक करायला कुणाला सवड नव्हती. लाट बारा पावलांवर आली होती.

दोर बांधला गेला. चौतीस माणसं दोन रांगांत उभी राहिली, सोजराबाई खुरपं कमरेला खोचून त्यांच्यात, ललिताही. आणि तेव्हाच रोहिदासच्या मनात एक भयंकर विचार आला. हा हूक कुठल्या दिवशीचा असेल? शनिवारी शेवटच्या तासाला आपण गेज न लावता नुसते डोळ्यांनी बघून किती पेट्या सोडल्यात? आता हा तुटला, दोर सुटला, चौतीस माणसं उताणी पडली, तर? त्यानं मनातल्या मनात खंडोबाला हात जोडले आणि इथून पुढं एकही पीस न बघता सोडणार नाही, असं कबूल केलं.

तांडेलानं आवाज दिला आणि सगळ्यांनी तो उचलला. दोर ताणला. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी वाळूतून एक लांब सुस्कारा निघाला आणि गाडी मागं सरकली. मग आवाज चढत गेला, पावलं एकदम पडायला लागली, आणि गाडी उलटी, सुरूच्या झाडांपर्यंत, वरातीसारखी वाजत-गाजत गेली. हूक तुटला नाही. रोहिदास दोन्ही हातांनी डोकं धरून मटकन खाली बसला. मागं समुद्रानं त्याच्या चाकांचे खड्डे भरून टाकले होते.

वाडीतल्या लोकांना काय द्यावं हे त्याला सुचेना. तो तांडेलापुढं हात जोडून उभा राहिला. तांडेल म्हणाला, "फाल्यां सकाळी रापण आसा. वढूक येवा. माणसां कमी पडतत."

आपण एकांतातले आहोत, असं सांगायची सोय राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघंही वाडीच्या किनाऱ्यावर हजर झाले. जाळं अर्धगोलात पाण्यात सोडलेलं, दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा. रोहिदासला शेवटी लावलं. दोर ओला, खरबरीत, आणि पाण्यातलं वजन गाडीपेक्षा काही कमी नव्हतं. पहिल्या पाच मिनिटांत त्यानं पुढच्या गड्याला शिक्रापूरची सगळी माहिती दिली. मग लय चुकली, सगळे मागं आले तेव्हा हा पुढं गेला, आणि कुणाच्या तरी पायात पाय अडकून सपशेल पाण्यात बसला. बाया हसल्या. त्यात सोजराबाईंचा आवाज सगळ्यात मोठा होता. कालपासून त्यांचं त्या बायांशी इतकं गूळपीठ जमलं होतं, की वाळूवर पसरणाऱ्या जांभळ्या फुलांच्या मर्यादवेलीची तीन खोडं त्यांनी ओल्या फडक्यात बांधून मिळवलीसुद्धा होती. "ना खत, ना ड्रीप," त्या म्हणत होत्या, "आन् फूल बघा कसं!"

जाळं वर आलं. बांगडे, तारल्या, काही नाव न कळलेले चंदेरी मासे वाळूवर तडफडू लागले. तांडेल उकिडवा बसून वाटे घालायला लागला. जो ओढेल त्याला वाटा, असा रिवाज. सोजराबाईंना एक पूर्ण वाटा मिळाला. ललिताला एक पूर्ण. रोहिदाससमोर तांडेलानं अर्धाच ठेवला.

"मला अर्धा?"

"ह्यो बोलता जास्ती, वढता कमी," तांडेल सगळ्यांना उद्देशून म्हणाला, आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. खरं म्हणजे रोहिदासलाही नाही. पाच बांगडे त्यानं टोपीत घेतले आणि वाळूत फतकल मारून बसला. भोवती चाळीसभर माणसं ओरडत होती, कुत्री भुंकत होती, मासे घ्यायला आलेल्या टेम्पोचा हॉर्न वाजत होता, आणि त्याला पाठ टेकून झोप काढावीशी वाटत होती.

दुपारी वच्छलाबाईंनी बांगडे तळले. सोजराबाईंनी घरून आणलेली भाकरी त्याबरोबर खाल्ली, हात धुतले आणि जाहीर केलं, "मी आजून दोन दिस ऱ्हाती. वच्छलाबाय म्हन्त्यात, उद्या दुसऱ्या वाडीची रापण हाय."

"मामी, माझी रजा उद्या संपतेय."

"मग तुम्ही जावा की. ललिता आन् मी येतो यष्टीनं."

रोहिदासनं बायकोकडं बघितलं. ती शांतपणे काटे काढत होती. तो उठला, रेंज मिळते त्या कातळावर चढून गेला आणि साहेबांना फोन लावला. दोन दिवस रजा वाढवून पाहिजे, म्हणाला. साहेबांनी विचारलं, "का रे, कुठं आहेस? बरं आहे ना सगळं?"

"सगळं बरंय साहेब," तो म्हणाला. "जरा माणसं कमी पडतायत इथं."